पेंटबॉलचे हवेचे बंकर: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेंटबॉल म्हणजे रंग भरलेले बॉल गनने एकमेकांवर मारायचा खेळ, आणि बंकर म्हणजे त्यात आडोशाला उभी केलेली वस्तू. पन्हाळा रोडवरचे रिसॉर्टवाले, शाळा-कॉलेजांचे क्रीडाशिक्षक, वाढदिवसाला पोरांची फौज घेऊन येणारे पालक आणि अलीकडे मंडपवालेसुद्धा आम्हाला हे प्रश्न विचारतात. ज्या क्रमाने कानावर येतात, साधारण त्याच क्रमाने ठेवले आहेत. घाईत असाल तर मेखांचा आणि वाऱ्याचा, एवढे दोन तरी वाचा.

हवेचा बंकर म्हणजे जत्रेतला मिकी माऊसच ना?

दिसायला भाऊबंद, पण काम वेगळं. मिकी माऊसचा ब्लोअर सतत घरघरत असतो. शिलाईतून हवा जात राहते आणि ब्लोअर ती भरत राहतो. बंकर बहुधा सीलबंद असतो. एकदा भरला, झाकण घट्ट केलं, ब्लोअर उचलून नेला की दिवसभर उभा. त्यावर चढायचं नसतं, उड्या मारायच्या नसतात, फक्त आडोसा घ्यायचा असतो. हे पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना सांगावंच लागतं, कारण फुगलेलं काही दिसलं की त्यांची पहिली प्रतिक्रिया त्यावर उडी टाकायची असते.

कापड म्हणजे पॉलिस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर. चांगल्या मालाचं वजन चौरस मीटरला ६०० ग्रॅमच्या वर असतं. जोड शिवलेले नसतात, तापवून चिकटवलेले असतात. आकारांची नावं खेळाडूंनीच पाडली आहेत: त्रिकोणी तो डोरिटो, उभा गोल तो कॅन, जमिनीलगत लांबलचक पसरलेला तो स्नेक.

पत्र्याची पिंपं, टायर, लाकडी पॅलेट एमआयडीसीत स्वस्तात मिळतात. मग हा खर्च कशाला?

पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ ला अमेरिकेत, न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावाच्या जंगलात झाला. झाडांवर आणि जनावरांवर रंगाची खूण करायला बनवलेल्या पिस्तुलांनी ती माणसं एकमेकांना शोधत फिरली. जंगलात खेळाडू दबकत चालतो. खेळ मोकळ्या मैदानात आला तेव्हा तो पळायला लागला. पहिल्या दहा सेकंदांत प्रत्येक जण जीव तोडून आडोशाकडे धावतो आणि शेवटचे दोन-तीन मीटर घसरत जातो. त्या घसरणीच्या टोकाला पिंपाची कड आहे की हवा, एवढ्यावर गुडघा आणि कपाळ ठरतं.

पिंपाची कापलेली कड, पॅलेटमधून वर आलेला खिळा, झिजलेल्या टायरमधून बाहेर डोकावणारी तार, हे सगळं मास्क घातलेल्या माणसाला दिसत नाही, कारण मास्कमधून पायाखालचं फारसं दिसतच नाही. टायरांत पाणी साठून डास होतात ती डोकेदुखी निराळी. पावसाळ्यात महापालिकेचे कर्मचारी घरोघर टायर उपडे करायला सांगत फिरतात, आणि आपण मैदानात चाळीस टायर मांडून बसायचं!

हवेचे आहेत म्हणजे सुरक्षित, असं समजायचं का?

नाही. या पानाचा सगळा मुद्दा तोच आहे. बंकर वरून मऊ असतो, त्याचा धोका बुडाशी असतो. मेख, पट्टा, लोखंडी कडी, सैल दोरी. बंकरला धडकून कुणाला फारसं काही होत नाही. पण बंकरच्या बाजूला अंग टाकून घसरणाऱ्याच्या गुडघ्याखाली मेखेचं डोकं आलं, तर पिंप परवडलं म्हणायची वेळ येते. आणि नीट न बांधलेला बंकर वाऱ्यात सुटला, तर तो खेळाडूंवरच काय, शेजारच्या रस्त्यावरच्या मोटारसायकलवरही जाऊ शकतो. पिंप उडून जात नाही, एवढं त्याच्या बाजूने मान्य करावं लागेल.

मेखा कसल्या घ्यायच्या आणि कशा ठोकायच्या?

फुगवून उभारायच्या खेळण्यांसाठी युरोपात ईएन १४९६० नावाचं मानक आहे. ते मिकी माऊससारख्या वस्तूंसाठी आहे, बंकरसाठी नाही, पण त्यातले आकडे इथेही हाताशी धरायला चांगले: मेख किमान ३८० मिमी लांब, १६ मिमी जाड, आणि प्रत्येक बांधणीने १६०० न्यूटन, म्हणजे साधारण १६३ किलोचा ओढा सहन करायला हवा. बंकर लहान असतो, त्यामुळे त्याला इतकं लागेलच असं नाही. पण मेखेची जाडी आणि लांबी कमी करायचं कारण नाही. शिवाजी उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये १६ मिमी सळईच्या मेखा एका दुपारी करून मिळतात. डोकं मात्र गोल घासून घ्या आणि आकडा असा वाकवा की टोक जमिनीकडे जाईल.

ठोकताना मेख बंकरपासून बाहेरच्या बाजूला कलती हवी. मंडपवाल्यांना हे सांगावं लागत नाही, त्यांचा हात आपोआप तसाच पडतो. फरक एवढाच की मंडपाची मेख वीतभर वर राहिली तरी चालते. इथे ती जमिनीच्या पातळीत किंवा किंचित खालीच गेली पाहिजे. शेवटचे दोन घाव घातल्यावर तळवा जमिनीवरून सरकवून बघा. काही टोचलं तर अजून एक घाव. पट्टा बंकरच्या पायथ्यालगत आखूड ठेवा, लांब दोरी सोडू नका. मेखेवर फोमचा तुकडा आणि वर कापडी झडप, जी हल्ली चांगल्या बंकरला शिवूनच येते.

आता माती. इथं दर दोन मैलांवर जमीन बदलते. मुरमाड माळावर ३८० मिमीची मेख आत घालायला आधी पहारीने भोक पाडावं लागतं, पण एकदा बसली की बसली. नदीकाठच्या काळ्या रानात उलटं. ओली असेल तर मेख लोण्यात गेल्यासारखी जाते आणि तशीच बाहेर येते, आणि उन्हाळ्यात भेगा पडल्या की सकाळी घट्ट ठोकलेली मेख दुपारी हलायला लागते. काळ्या मातीत ६०० मिमीच्या मेखा घ्या आणि दर दोन-तीन खेळांनंतर पायाने दाबून, हाताने ओढून बघत जा.

मेखांवर रंगाने नंबर टाका. संध्याकाळी बंकर गुंडाळताना ठोकल्या तेवढ्या उपटल्या का, हे मोजल्याशिवाय मैदान सोडायचं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मैदानात कुणीतरी अनवाणी कबड्डी खेळणार असतं.

फुटबॉलच्या टर्फवर किंवा काँक्रीटवर लावता येतील का?

टर्फवाला मेख ठोकू देणार नाही, आणि देऊही नये. तिथे वजन लागतं. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते: चार कोपऱ्यांना पंचवीस किलोची वाळूची पोती ठेवली की काम झालं असं वाटतं. जमिनीवर ठेवलेलं पोतं वाऱ्याचा ओढा आला की सरकतं, त्याचं सगळं वजन कामी येत नाही. शिवाय ते पोतं स्वतःच अडखळायची जागा होतं. पोकळ बूड असलेले बंकर मिळतात, ज्यांच्या आतच पाण्याची किंवा वाळूची पिशवी बसते. टर्फसाठी तेच घ्या आणि बुटके घ्या. काँक्रीटवर घसरणारा खेळ ठेवूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे, बंकर कितीही मऊ असू दे.

वारा किती असला की खेळ थांबवायचा?

वरच्याच मानकात फुगवलेल्या खेळण्यांसाठी कमाल मर्यादा ताशी ३८ किलोमीटर दिली आहे. हातात वारामापक असेल तर उत्तम. नसेल तर पानांनी भरलेली लहान झाडं डोलायला लागली की तुम्ही त्या मर्यादेपाशी आलात. आम्ही त्याच्या आधीच, ३० च्या आसपास, खेळ थांबवून उंच बंकरची हवा सोडतो.

थोडा हिशेब करू. दोन मीटर उंच, दीड मीटर रुंद बंकर म्हणजे वाऱ्याला आडवी तीन चौरस मीटर जागा. ३८ च्या वाऱ्यात त्यावर साधारण २२ किलोचा रेटा बसतो. वारा ६० झाला की तो ५५ किलोवर जातो, कारण वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. बंकरचं स्वतःचं वजन मोठ्या शाळकरी मुलाच्या निम्म्यानेही नसतं. उरलेलं सगळं मेखांवर.

कोल्हापुरात खरी भीती पावसाळ्यातल्या वाऱ्याची नाही, वळवाची आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारपर्यंत पान हलत नाही, माणसं घामाने निथळत असतात, आणि एकाएकी आभाळ काळं होऊन धुळीचा लोट येतो. पाऊस नंतर येतो, वारा आधी. त्या पाच मिनिटांत वीस बंकरची हवा सोडणं होत नाही. म्हणून ढग दिसले की सुरुवात करायची, गार झुळूक येण्याची वाट बघायची नाही. क्रमही ठरलेला हवा: आधी माणसं बाहेर, मग मधले उंच बंकर, शेवटी स्नेक. विजा असतील तर बंकर गेले उडत, माणसं पक्क्या इमारतीत.

जोतिबा-पन्हाळ्याच्या पठारांवर फोटो सुंदर येतात, पण तिथे कड्यावरून चढून येणारा वारा खालच्या मैदानापेक्षा कितीतरी जोराचा असतो. उंच बंकर तिथे नेऊ नका.

हवा किती भरायची? जितकी घट्ट तितकी चांगली ना?

नाही. तळहाताने जोर लावून दाबल्यावर दोन-तीन बोटं आत जावीत. ढोलासारखा टणटणीत वाजला तर जास्त झाली.

सीलबंद बंकर उन्हात तापतो आणि आतली हवा पसरते. सकाळी २२ अंशाला १ पीएसआय दाबाने भरलेला बंकर दुपारी आतून ५२ अंशावर गेला, तर कापड अजिबात ताणलं नाही असं धरून दाब अडीचपर्यंत जातो. प्रत्यक्षात कापड थोडं ताणतं, म्हणून इतका जात नाही, पण तो ताण जोडांवर येतो आणि उसवतात ते जोडच. गडद रंगाच्या बंकरला हा त्रास जास्त. अकराच्या सुमारास प्रत्येकाचं झाकण क्षणभर सैल करून थोडी हवा काढा, संध्याकाळी परत भरा.

कमी हवा हाही दोषच. ढिला बंकर वाऱ्यात फडफडतो, मेखा हलवतो, आणि त्याच्या सुरकुतीत पाय अडकतो.

बॉल बंकरवर आपटून उलट येतो. ते लागत नाही का?

लागला तरी जोर उरलेला नसतो. नेहमीचा बॉल ०.६८ कॅलिबरचा, म्हणजे १७.३ मिमी व्यासाचा आणि साधारण तीन ग्रॅम वजनाचा. जिलेटिनच्या कवचात पाण्यात विरघळणारा रंग. कडक पत्र्यावर तो फुटतोच. मऊ बंकरवर कधी कधी न फुटता उडतो आणि गवतात पडतो. ते पडलेले बॉल उचलून परत गनमध्ये घालू नका, पोरं हमखास घालतात. मातीचा कण चिकटलेला किंवा दवाने फुगलेला बॉल नळीत फुटतो, आणि वाळून टणक झालेला बॉल अंगावर न फुटता नुसताच हाणतो.

मैदानाची मांडणी कशी असावी?

स्पर्धेचं मैदान साधारण १५० फूट बाय १२० फूट असतं आणि दोन्ही अर्ध्या भागांत बंकर आरशात बघितल्यासारखे सारखे मांडतात. हौशी खेळाला इतकी जागा लागत नाही. आम्ही दोनच गोष्टींवर अडून बसतो.

पहिली: पंचाला प्रत्येक खेळाडूचं डोकं कुठून ना कुठून दिसलं पाहिजे. कारण सांगतो. आपल्याकडच्या दमट हवेत मास्कच्या काचेवर वाफ धरते. उंच बंकरच्या मागे बसलेल्याला वाटतं, इथे मला कोण मारतंय, आणि तो हळूच मास्क वर करून रुमालाने काच पुसतो. नेमक्या त्याच वेळी बाजूने कुणी वळून येतो. बॉलचा वेग सेकंदाला ८५ मीटरच्या आसपास असतो आणि उघड्या डोळ्याला तो कायमचा निकामी करू शकतो. मैदानाच्या मधोमध एकमेकाला चिकटून तीन-चार उंच बंकर लावले की पंचाला न दिसणारी खोली तयार होते. तशी खोली ठेवू नका. मास्क पेंटबॉलसाठीच्या एएसटीएम एफ १७७६ या मानकाचा आणि दुहेरी काचेचा घ्या. वेल्डिंगचा गॉगल, हेल्मेटची काच, क्रिकेटची जाळी यातलं काहीही चालत नाही.

दुसरी: दोन बंकरांत पळायला सरळ, रुंद वाट हवी आणि त्या वाटेत एकही मेख नको. मेखा बंकरच्या मागच्या अंगाला आणि कोपऱ्यांत घ्या. घसरत येतात त्या बाजूला नको.

लहान मुलांसाठी वेगळे बंकर लागतात का?

लागतात. मोठ्यांचा कॅन मुलाच्या डोक्यावरून दोन हात उंच जातो, त्यामुळे ते मागे हरवतं आणि पंचालाही दिसत नाही. मुलांना खांद्याइतके, रुंद बुडाचे. बॉलही ०.५० कॅलिबरचे वापरा. त्यांचं वजन नेहमीच्या बॉलच्या निम्म्याहून कमी असतं, त्यामुळे मारही तितकाच कमी. आयांना आमचं एकच सांगणं: मुलाला पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट आणि बूट घालून पाठवा. सँडल घालून आलेल्याला आम्ही बाहेर बसवतो, मग रडारड होते.

आमच्याकडे पॉलीहाऊसची शेडनेट पडून आहे. कडेला ती लावू का?

प्रेक्षक तिच्या मागे उभे राहणार असतील तर नको. ती सावलीसाठी विणलेली असते, मारासाठी नाही, आणि दोन उन्हाळे काढलेली असेल तर हाताने फाटते. चुकलेला बॉल ऐंशी-नव्वद मीटर सहज जातो. पेंटबॉलसाठी बनवलेली जाळी घ्या आणि ताणून नव्हे, थोडी सैल सोडून टांगा, म्हणजे मार झेलते. शेडनेट प्रेक्षकांच्या डोक्यावर सावलीला बांधा, तिथे ती कामाची.

ब्लोअरची वायर मैदानातून न्यावी लागते. काय काळजी घ्यायची?

भरून झाल्यावर वायर गुंडाळून मैदानाबाहेर. खेळ चालू असताना आत एकही वायर नाही. जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. ओल्या गवतात इन्सुलेशन टेपने गुंडाळलेला जोड घेऊन जाणारा इलेक्ट्रिशियन कितीही ओळखीचा असू दे, त्याला परत पाठवा.

पावसाळ्यात काय करायचं?

सरळ गुंडाळून ठेवायचे. ओलं पीव्हीसी साबणासारखं निसरडं होतं, चिखलात मेख धरत नाही, आणि दमट हवेत जिलेटिनचे बॉल फुगून वेडेवाकडे होतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात बंकर साध्या पाण्याने धुवा, दोन्ही बाजूंनी कडकडीत वाळवा, मगच घडी घाला. रंगाचे डाग तसेच राहिले तर जिलेटिनच्या वासाने मुंग्या येतात आणि त्यांच्या मागोमाग उंदीर. उंदराने घडी कुरतडली की एका भोकाची आठ भोकं होतात, कारण घडी आठ पदरी असते. जमिनीवर ठेवू नका, आढ्याला टांगा.

पंक्चर झाला तर?

पंक्चरवाल्याकडे नेऊ नका. ट्यूबचं रबर सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही, दोन दिवसांत ठिगळ सालपट निघाल्यासारखं येतं. पीव्हीसी कापडासाठीचा चिकटा वेगळा मिळतो, फ्लेक्स आणि ताडपत्रीवाल्यांकडे विचारा. भोक शोधायला साबणाचं पाणी. ठिगळ गोल कापा, चौकोनी ठिगळाचे कोपरे आधी उचकटतात. हवा सोडून, सपाट जमिनीवर, जागा घासून-पुसून लावा आणि रात्रभर वजन ठेवा. जोड उसवला असेल तर मात्र ठिगळाने भागत नाही, तो परत तापवून चिकटवावा लागतो.

ताडपत्रीवाल्याकडून इथेच शिवून घेतले तर?

कल्पना वाईट नाही. इथल्या कारागिरांचे हात चांगले आहेत, एकदा नमुना बघितला की हुबेहूब करतात. पण शिवणयंत्राने केलेला बंकर टाक्याटाक्यातून हवा सोडतो, मग ब्लोअर सतत चालू ठेवावा लागतो आणि वायर मैदानात राहते. गरम हवेने जोड लावणारं मशीन असलेला माणूस शोधा. कड्यांच्या पट्ट्या एका थरावर न लावता खाली मोठा गोल तुकडा देऊन लावायला सांगा. वाऱ्याचा सगळा ओढा त्या कडीवर येतो आणि पहिल्यांदा फाटतं ते तिथेच. घेताना एक बंकर रात्रभर फुगवून त्याच्याच दुकानात ठेवा. सकाळी बसलेला दिसला तर पैसे देऊ नका.

सेकंडहँड घ्यावेत का?

बघून घ्या. कापडावर बारीक भेगांचं जाळं दिसलं किंवा घडीच्या रेषेवर थर पांढरा पडला असेल, तर उन्हाने त्याचा जीव घेतलाय. रंग उडाला असेल तर हरकत नाही.

रंगाचे डाग कपड्यांवरून जातात का?

बहुतेक जातात. घरी गेल्या गेल्या गार पाण्यात भिजवा, वाळू देऊ नका. तरी नवा पांढरा शर्ट घालून येऊ नका.